आधी पर्सी उतरणार

प्रिय पर्सी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकला असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. हेडली आहे, मीही आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझा पत्ता चॅपलमधल्या आयरिसकडून मिळवला. देताना तिनं असं तोंड केलं, जणू मी तिच्याकडे दारूच मागितली होती.

यंदा पील मासे लवकर आले. समुद्रातून वर चढून आपल्या डोहात येऊन राहिलेत. हॉटेलात उतरणारे शहरी पाहुणे त्यांना समुद्री ट्राउट म्हणतात आणि भर दुपारी गळ टाकून बसतात, जणू ते उजेडात गळाला लागतात. हेडली पूर्वीसारखा असता तर पोट धरून हसला असता. पण त्याला विसर पडायला लागलाय, पर्सी. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, आणि आता कधीकधी मीसुद्धा. सकाळी मला विचारतो, “बाई, चहा मिळेल का?” अगदी अदबीनं. सगळ्या संसारात एवढ्या अदबीनं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, त्यामुळे हसावं की रडावं कळत नाही. बोटं मात्र काही विसरलेली नाहीत. गळावर पिसांची खोटी माशी अजून अशी बांधतो की खऱ्या माशीनं फसावं.

रोज संध्याकाळी तो कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवतो, गळाची काठी घेतो आणि कुरणातून खाली नदीवर जातो. मागून मी, स्टूल आणि खायला पेस्टी घेऊन. तिथं गेलं की मी त्याला पुन्हा आठवते, म्हणून मलाही जायला आवडतं. पलीकडच्या गाईंचा रंग दिसेनासा होईपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, हे त्याच्या पक्कं ध्यानात आहे. मग अंधार पडतो, डोहात मासे उसळायला लागतात, आणि हा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, ऊठ की आता. त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच वेडी.

“पर्सी कुठं आलाय अजून? आधी पर्सी उतरणार.”

मी म्हटलं, पर्सी नाही यायचा. तर म्हणतो, “एडना, तुझा भाऊ जन्मात कधी वेळेवर आलाय का? सायडर ढोसत बसला असेल. येईल.” मग आम्ही बसून राहतो. थंडी वाजायला लागली की मी त्याला हाताला धरून घरी आणते. सबंध मोसमात त्याच्या गळाची दोरी ओली झालेली नाही.

तू आधी का उतरायचास, ते तुला मी काय सांगणार. हिवाळ्याच्या पुरानं दरवर्षी तळ बदलायचा, आणि आपल्यात पोहणारा तूच. तू काठी टेकत एकेक पाऊल चाचपत पुढे जायचास, मागून हेडली. वर त्याची थट्टा, बायकोच्या भावाला आधी पाण्यात ढकलावं, नवा खड्डा असला तर त्यालाच सापडतो. किती हसायचो आपण. त्या जूनमध्ये हेडली तापानं पडला होता आणि त्याच्या जागी माझा कॉलिन तुझ्याबरोबर गेला. तू त्याला पुढे जाऊ दिलंस. चौकशीच्या वेळी म्हणालास, “म्हटलं, यंदा पोराला मान देऊ.” ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. माझ्या पोराला हातांवर घेऊन तू कुरण चढून आलास, तेव्हा तुझ्या अंगातून पाणी गळत होतं आणि तू माझ्याकडे बघत नव्हतास. मातीच्या दिवशी मी तुला म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस, आणि तेवढं एक मात्र ऐकलंस.

पुढच्या महिन्यात हेडलीला बिडफर्डच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय. मला आता त्याचं काही झेपत नाही. त्याआधी एकदा ये, त्याच्या आधी पाण्यात उतर, म्हणजे तो एकदा तरी मासा धरेल, एवढंच लिहायला बसले होते. पण खरं ते वेगळंच आहे. काल नदीवर निघताना त्यानं चुकून कॉलिनची माशांची टोपली उचलली. तिच्यावरचं नाव हेडलीनं स्वतःच तापल्या सळईनं कोरलं होतं. ते त्यानं सावकाश वाचलं आणि मला विचारलं, “हा कॉलिन कोण?” मी म्हटलं, आपला मुलगा. “असं होय,” म्हणाला, आणि चालू लागला. पोरगा कुठंय म्हणून तो विचारील, याची मला इतके दिवस धास्ती होती. त्यानं विचारलंच नाही. आता या घरात कॉलिन फक्त मला आठवतो. सायीच्या भांड्यात बोट घालून वर मांजरीचं नाव सांगणारा, शिट्टी वाजवता येत नाही म्हणून रडणारा माझा कॉलिन, पाळण्यात असल्यापासून त्याला ओळखणारं माणूस माझ्याशिवाय तूच एक उरलास. मी तुला माफ केलेलं नाही, पर्सी, आणि करीन असंही नाही. पण मला कोणाशी तरी त्याच्याविषयी बोलायचंय. ये.

अजूनही तुझीच बहीण,
एडना