थोरल्याचा धक्का

७ मार्च, शनि.
आज थोरला हातात आला. नेमबाजी क्लबातलं एकमेव जाडं पिस्तूल, पॉइंट फोर-फोर, एका वेळी एकच गोळी. (पॉइंट टू-टू तो धाकटा. त्याच्यावर चार महिने काढले.) नळी बिजागरीवर मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायचं, घोडा मागे, चाप. मग परत पहिल्यापासून.
पहिला बार. नळी पार कपाळापर्यंत आली. गोळी कागदाच्या खालच्या कडेला. दुसरी कागदावरच नाही. अंगठ्याच्या बेचक्यात कातडं सोललं.
कोच मॅडम गोह. वय त्रेसष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, पूर्वी शाळेत पीटी शिकवायच्या. माझ्यानंतर त्यांनी स्वतः एक बार काढला. नळी वर गेली, खाली आली, बाई जागच्या जागी. मला म्हणाल्या, "यू क्लोज युवर आइज. बिफोर द बँग, नॉट आफ्टर."
माहीत आहे. त्यासाठीच तर आलोय.
२० एप्रिलला जहाजावर रुजू. चीफ इंजिनिअर म्हणून. सहा आठवडे आहेत. तोवर आवाजाआधी मिटणारे डोळे आणि सुटणारा हात ताब्यात यायला हवेत. आले नाहीत तर मी इंजिनपाशी उभं राहायच्या लायकीचा नाही.

८ मार्च, रवि.
उजव्या हाताने भाकरी मोडता येईना. मृणाल (बायको, पुढे नुसतं मृ.) : "मनगट बरं करायला जातोस की मोडून घ्यायला?"
तिला तेवढंच सांगितलंय. मनगटाचा व्यायाम.
पिस्तूल घरी आणायची सोय नाही, क्लबच्या कपाटात कुलपात. म्हणून इस्त्री हातात धरून फ्रिजवरच्या चुंबकावर नेम. दहा मिनिटं. रेवा शाळेची बॅग भरता भरता बघत होती. "पापा, यू लुक सो वियर्ड, लाह." चौदा वर्षांची. बरोबरच आहे तिचं.

१४ मार्च, शनि.
आज बाईंनी लाज काढली.
म्हणाल्या, मी भरणार, तू फक्त उडवायचं. माझ्याकडे पाठ करून काडतूस घालायच्या आणि मिटलेलं पिस्तूल हातात द्यायच्या. खरं काडतूस की खोटं, मला माहीत नाही. खोट्यावर नुसती टिक. धक्का नाही, आवाज नाही, त्यामुळे माझा हात काय करतो ते उघडं पडतं.
पहिलीच खोटी. टिक. आणि नळी चार बोटं खाली! कोणी वरून दाबावी तशी. मीच दाबली. जो धक्का येणारच नव्हता त्याच्याशी मी आधीच झटापट करून बसलो.
दहा खोट्या मोजल्या. सात वेळा नळी पडली.
माझी सबब तयार होती : मूठ ढिली असेल. म्हणून आणखी आवळली. इंजिन कसं खालच्या पोलादी बेडप्लेटला बोल्ट मारून घट्ट बसवतात तसं. बाई म्हणाल्या, "यू फाइट इट फॉर व्हॉट? इट गोज अप, इट कम्स डाउन." सव्वीस वर्षं इंजिनं सांभाळणाऱ्या माणसाला पीटीच्या बाई शिकवणार. राग आला. अजून आहे.

१७ मार्च, मंगळ.
एमआरटीत (इथली मेट्रो) विचार करत बसलो, एक स्टेशन पुढे गेलो. मूळ भानगड धक्क्याची नाहीच, आवाजाची आहे. आवाजच ऐकू आला नाही तर?
कानात फोमचे बोळे. वर क्लबचे इअरमफ. इंजिनरूममध्ये आयुष्यभर हेच केलं.
बाईंना सांगायचं कारण नाही.

१९ मार्च, गुरु. पाडवा
गुढी खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूच्या नळकांड्यात. दरवर्षीप्रमाणे समोरच्या आजींनी विचारलं, कोणाचं लग्न. मृ.चं श्रीखंड उत्तम. मी जाणार म्हणून डोळे भरून आले तिचे. मग म्हणाली, जा एकदाचा, घरात इस्त्रीला तरी विश्रांती.

२२ मार्च, रवि.
लिहायला नको वाटतंय. लिहितो.
बोळे + मफ. आवाज कुठल्या कुठे, उशीत दाबल्यासारखा. वीस बार, चौदा काळ्या वर्तुळात. बाईंची खोटी काडतुसं सहा, नळी एकदाही पडली नाही. मनात उकळ्या फुटत होत्या.
बाई पलीकडच्या लेनकडे गेल्या, एकविसावा मीच भरला. घोडा मागे. नेम. बार.
मग खांद्यावर हात. वळून पाहिलं तर सगळ्या लेन मोकळ्या. सगळ्यांची पिस्तुलं उघडी, रिकामी, टेबलावर, माणसं लाल रेषेमागे. सगळे माझ्याकडे बघतायत. "सीज फायर" कधीच पुकारलं होतं. तीनदा. कोणाच्या तरी पिस्तुलात गोळी अडकली होती आणि रेंज ऑफिसर पुढे जायच्या बेतात होता. गेला नव्हता. देवाची कृपा.
इंजिनरूममध्ये आम्ही ऐकतच नाही. तिथे काही थांबवायचं असलं तर समोरचा हात वर करतो आणि आपण डोळ्यांनी समजतो. रेंजवर डोळे टार्गेटवर. हात वर करणारा पाठीमागे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षांची सवय, आणि नेमकी तीच.
दोन आठवडे बंदी. शिक्षा कमीच झाली.
बाईंनी माझ्या कानातला बोळा स्वतः काढला आणि तळहातावर ठेवला. ओरडल्या नाहीत. "सो यू नेव्हर फिक्स एनिथिंग. यू जस्ट हाइड." बाहेर बसस्टॉपवर बऱ्याच बसेस सोडल्या.

२९ मार्च, रवि.
बंदी आहे तर फिरू या, म्हणून मृ.ने पुलाउ उबीन बेटावर नेलं. बंबोट (छोटी लाँच), भाड्याच्या सायकली, नारळपाणी. मी पुढे, ती मागे. उतारावर तिच्या सायकलचं टायर फुटलं. फाट्!
मी दोन्ही हात सोडून दिले. सरळ चरात.
ती धावत आली. गुडघा बघितला, मग माझ्याकडे. "टायर माझं फुटलं. तू का पडलास?"
मनगटावर ढकलणार होतो. नाही ढकललं.
तिथेच चराच्या कडेला सगळं सांगितलं. गेल्या ऑगस्टात इंजिन सुरू करताना हवेच्या लाइनवरची डिस्क (दाब वाढला की फुटणारी चकती) माझ्यापासून चार हातांवर फुटली, तोफेसारखी. कोणाला काही झालं नाही. पुढच्या वेळी इंजिन सुरू करताना हवेचा नुसता नेहमीचा फटकारा आला आणि माझे डोळे मिटले, हात लिव्हरवरून सुटला. फिटर बाँग लिव्हरपलीकडे वाकला होता. सुटलेल्या लिव्हरपासून त्याचा हात एका वितीने वाचला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, लिव्हर निसटली. मनगटाला लागलं तेही खरंच, पण त्यासाठी सुट्टी घेतली नव्हती.
मृ. उठून उभी राहिली. मग : "सात महिने? मला मनगट दाबायला लावलंस सात महिने?"
चालत परत आलो, दोघांच्या मध्ये दोन सायकली. बोटीत बसल्यावर म्हणाली, "फिटरला सांगितलंस?"
नाही.

३० मार्च, सोम.
बाँगला मेसेज केला. लिव्हर निसटली नव्हती, माझा हात सुटला. संध्याकाळी उत्तर : "आय नो, चीफ. आय सॉ." एवढंच. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी जहाजावर मला रोज सकाळी कॉफी आणून देत होता.

५ एप्रिल, रवि.
बंदी संपली. बाईंना आधी सगळं सांगितलं, मग पिस्तूल मागितलं. त्यांनी धाकटासुद्धा भरून दिला नाही. तासभर नुसती रिकामी नळी आणि चाप. कोपर जरा मऊ. मूठ दोन्ही हातांची, घट्ट, पण थरथरेल इतकी नाही. चाप सरळ मागे, सावकाश, कधी सुटेल ते आपल्यालाच कळू नये इतका.
शेवटी थोरला. कानांवर नुसते मफ. "डोंट होल्ड इट डाउन. यू वॉच इट गो अप."
म्हणजे बघायचं. डोळे उघडे ठेवून नळी वर जाताना बघायची.
अकराव्या बाराला पहिल्यांदा दिसली! तोंडाशी जाळ, वर जाणारी टोकाची माशी, परत जाग्यावर. इतके महिने हे माझ्या हातात घडत होतं आणि मी बघितलंच नव्हतं. मोठ्याने हसलो. बाई म्हणाल्या, अगेन.

११ एप्रिल, शनि.
हिशेबाचा दिवस. चाळीस वेळा पिस्तूल हातात, त्यांत दहा खोटी, कुठली ते बाईंनाच ठाऊक.
बेचक्यातली पट्टी तिसऱ्या बारालाच सुटली. तसंच चालू ठेवलं.
नऊ खोट्यांना नळी हलली नाही. मृ. काचेमागे उभी होती, तिने प्रत्येक मोजली.
दहावी खोटी पस्तिसाव्या वेळी. बाजूच्या लेनमध्ये अवचित मोठा बार झाला. टिक. नळी खाली.
थोडीच. दोन बोटं.
बाई : "मार्च, सेव्हन. नाउ वन. गुड, व्हॉट." पाठीवर थाप. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण बाहेर आल्यावर मृ. आणि मी दोघंही तेच बोललो, ती दहावी.

१३ एप्रिल, सोम.
कंपनीच्या डॉक्टरांना मेल. ऑगस्टचा रिपोर्ट चुकीचा होता, मी लिहिला होता, खरं असं असं. सध्याची स्थिती : दहात एक. सराव चालू. मृ.ने वाचून एक स्वल्पविराम हलवला. रेवा मागून वाचत होती, म्हणाली, "दे माइट फायर यू, पापा." हो. पाठवला.

१४ एप्रिल, मंगळ.
कंपनीचे सुपरिंटेंडंट दामले, त्यांचा फोन. माणूस चांगला, पण आज तापलेला. "अहो चीफ, मेडिकलमध्ये सगळं ठीक होतं. कोणी विचारलं होतं का तुम्हाला? रिपोर्टचं वेगळं बघावं लागेल. आणि दहात एक म्हणजे काय मोठंसं? नव्वद टक्के मार्क झाले की!"
म्हटलं, साहेब, परीक्षा असती तर झालेच असते.
"मग ऑफिसला काय कळवू? फिट की अनफिट?"
मी म्हटलं, ते डॉक्टरांनी ठरवावं. मला चढायचंय. वीस तारखेला नाही तर पुढच्या जहाजावर, चीफ नाही तर सेकंड इंजिनिअर म्हणून, पण चढायचंय. फक्त लिव्हरपलीकडे जो वाकलेला असेल त्याला आधीच माहीत असलं पाहिजे, की ती दहावी केव्हा येईल ते मला सांगता येत नाही.
मग म्हणाले, शुक्रवारी कळवतो.
शनिवार सकाळची लेन घेतली आहे. बाईंना म्हटलं, ह्या वेळी बाजूच्या लेनमध्ये कोणाला तरी मुद्दाम मोठे बार काढायला लावा.