झांजेला राळ

३० जून १९३५, रेवदंडा
पावसाळ्यामुळे आगबोट बंद. मी तिकीट-मास्तर; ऑफिसला कुलूप. वेळच वेळ. संकल्प: नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत नारळापुढची पहिली झांज मी वाजवणार. इतकी वर्षे शेजारचा अंबाजी वाजवतो. का? नुसता हात आहे म्हणून. थिअरी शून्य. बायका मात्र ओटीवरून त्याच्याकडेच बघतात. माझी बायको राहीसुद्धा. मी जळत नाही. नोंद म्हणून लिहिले.

३ जुलै
प्रॅक्टिस सुरू. शेजारच्या येसूबाईने कुडापलीकडून विचारले, मास्तर, भांडी पडली का? अडाणी. राही म्हणते, शेळी दूध चोरायला लागली हाय. शेळीचा आणि तालाचा संबंध काय?

८ जुलै
आवाज बंद करणे भाग आहे. शेजाऱ्यांसाठी नव्हे. अंबाजी ऐकून माझी स्टाइल उचलेल. झांजेला फडके गुंडाळले.

९ जुलै
फडके सुटले. एक झांज पेजेच्या टोपात.  राहीने जेवण दिले नाही.

१५ जुलै
अंबाजी भर पावसात येसूबाईचे छप्पर शाकारून देत होता. वर बसून गात. राही म्हणाली, भावजींचा गळा बी गोड हाय. मी म्हणालो, अशांना पुढे खोकला होतो.

२१ जुलै
सापडले! वाळूवर ओढलेल्या होड्यांच्या फटीत कोळी कापूस ठासतात, वरून तेलात उकळलेली राळ. वाटीभर मागून आणली. झांजेला आतून कापूस, वर राळ. वाळल्यावर वाजवली. थप. सुंदर! माझ्या तालात इतकी गोडी आहे हे आवाजामुळे कळतच नव्हते. मिरवणुकीआधी गरम पाण्यात बुडवली की सुटेल. राही म्हणाली, अवो, जी दर्याच्या पाण्यानं सुटत न्हाय, ती चुलीवरच्या पाण्यानं कशी सुटंल? तिला सायन्स कळत नाही.

२ ऑगस्ट
रोज थप थप. शेळी दूध देते. येसूबाईने राहीला विचारले म्हणे, मास्तर मुंबईला गेले का? सीक्रसी कम्प्लीट.

९ ऑगस्ट
मिरवणुकीचे भजनमंडळ तुळशीराम नाखव्याचे. त्याच्याकडे जाऊन पहिल्या झांजेवर हक्क सांगितला. अंबाजी तिथेच होता. लगेच म्हणाला, घ्या की मास्तर, यंदा तुमी धरा. घाबरला! वर मोठेपणाचा आव असा, की नाखव्याने त्याची पाठ थोपटली. माझी नाही.

१४ ऑगस्ट, सकाळ
गरम पाणी. सुटत नाही. खोबरेल. उलथने. दगड. झांजेला चरा, बोटाला चिंधी. दुसरी जोडी मागायची तर अंबाजीकडेच. प्राण गेला तरी मागणार नाही.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
नारळापुढे मी. नवे धोतर, कोट. थप, थप. मागून अंबाजीची झांज. सगळ्यांचे पाय तिच्यावर पडत होते. बंदराच्या वळणापासून माझेही. हे कुणाला दिसले नसावे. राही ओटीवर होती. कुणाकडे बघत होती ते मी पाहिले नाही.
पाहिले.

१६ ऑगस्ट
नाखवा स्वतः घरी आला. म्हणाला, यंदा भजन पार पाण्यापातुर एका तालात गेलं. मास्तर, फुडल्या वर्साला बी फुडची जागा तुमचीच. फकस्त झांज हीच आणा. सन्मानच म्हणायचा.

मागोमाग अंबाजी. निखाऱ्यावर धरून राळ काढून देतो म्हणाला. चेष्टेने नाही, मनापासून. तेच सहन होत नाही. तरी मी झांज पुढे केली. राहीने मधल्यामध्ये घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. असू दे भावजी, म्हणाली, आता कुठं शेळी नीट दूध देत हाय.

मग त्याला त्या दुधाचा चहा दिला. आले घालून.
माझ्या चहात आले कधीच नसते. आज विचारणार होतो. विचारले नाही.