स्वयंपाकघरातला दुसरा राउटर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वायफाय म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागेल. तुमच्या रेडिओसारखंच समजा, हवेतून येणारं. फक्त ह्यात आपल्यालाही बोलता येतं आणि समोरचं माणूस दिसतं. त्याचा डबा, म्हणजे राउटर, आपल्या बाहेरच्या खोलीत आहे. गेल्या वर्षी आई न्हाणीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उंबरा ओलांडणं अवघड झालं, म्हणून तिची खाट स्वयंपाकघरातच टाकली. तिकडं वाशीला मावशीला लकवा झाला, तिची वाचा गेली. दोघी बहिणींना एकमेकींकडं जाता येईना. मावशीची सून दुपारी व्हिडिओ कॉल लावायची, पण आपली मधली दगडी भिंत तुम्हाला माहीतच आहे. सिग्नल पलीकडं पोचायचा नाही. मावशीचा चेहरा मध्येच गोठायचा, तोंड अर्धं उघडं, आणि आई घाबरून विचारायची, "अक्काला काय झालं गं?" काही नाही, नेट अडकलंय, असं मी दर वेळी सांगायची. तिचा विश्वास बसायचा नाही. कॉल आला की पुढंपुढं ती तोंड फिरवायला लागली होती.

म्हणून मी धाराशिवहून दुसरा राउटर आणला. स्टुलावर चढून झरोक्यातून केबल ओढताना तुमचा तो रविवार आठवला. येडशी स्टेशनाजवळच्या तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून तुम्ही एक स्पीकर आणलात, ह्याच झरोक्यातून वायर नेलीत आणि तो चुलीच्या वर टांगलात. बाहेर कायम पुरुषमाणसं बसलेली, आईला तिथं येऊन रेडिओ ऐकता येत नाही, हे तुम्ही न बोलता ओळखलं होतं. आई भाकरी थापतेय, गाणं लागतं, तिचे हात थांबतात. तुम्ही दारातून बघताय आणि बघत नसल्यासारखं करताय.

केबल जोडली, तर दोन्हीकडचं नेट बंद. मी गडबडून एकदम सगळंच बदलायला लागले. ह्याच सवयीवरून तुम्ही मला दुकानात एकदा रागावला होतात. "एका टायमाला एकच गोष्ट बदल. न्हाय तर कशानं चालू झालं ते तुलाच कळायचं न्हाय." मग पाणी प्यायले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन्ही डब्यांचा आतला पत्ता एकच निघाला, एका गल्लीत एकाच नंबराची दोन घरं असावीत तसा. नव्याचा पत्ता बदलला. घरातल्या फोनांना असे पत्ते वाटून द्यायचं काम एकट्या जुन्याकडं ठेवलं. शेवटी केबल नव्या डब्याच्या एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत घातली, आणि नेट आलं.

कॉल लावला. आई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अक्का, पापणी हलली गं तुझी." मावशीनं तिचा चांगला हात वर केला.

पुढं रोज दुपारी आई खुर्चीत बसून मेथी निवडायची, शेंगा फोडायची, कुणाचं काय चाललंय ते सांगायची, आणि मावशी तिकडून बघत राहायची. कधी दोघी तशाच झोपून जायच्या, फोन चालूच. मावशी ह्या उन्हाळ्यात गेली. आई रडली खूप. पण तेराव्याचे दिवस झाल्यावर मला म्हणाली, "अक्का बघायची राहिली न्हाय बघ."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. नेटवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सगळं बसवून देणार होता. मीच त्याला नको म्हणून कळवलं. मला ती दुपार तुमच्याबरोबर हवी होती. काम करता करता मी तुमच्याशी चक्क मोठ्यानं बोलत होते, अण्णा. आईनं ऐकलं असणार.