नवव्या गाण्याचे शब्द

४ मार्च

नाही झालं. आजही नाही झालं.

दुपारी कंपनीच्या बाईंचा फोन. "ताई, शुक्रवारी अल्बम बाहेर काढायचाय. आठ गाणी तयार आहेत. नवव्याचे शब्द?" म्हटलं, देते. हे "देते" मी डिसेंबरपासून म्हणतेय. बाई चांगली आहे, कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

धाकटीला जाऊन चार महिने होतील. तालमीत गाता गाता डोकं धरून खाली बसली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले. मी तेव्हा क्लिनिकच्या काउंटरवर कुणाच्या तरी दाढेची अपॉइंटमेंट पुढे ढकलत होते. लोकांसाठी ती पोस्टरवरची, निळ्या केसांची गायिका. घरात ती धाकटी. तिच्या हजारो चाहत्यांना तिचं हे नाव माहीत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

आमची पद्धत पहिल्या अल्बमपासून ठरलेली. चाल तिने करायची, शब्द मी लिहायचे. चाल सुचली की ती गाऊन पाठवायची आणि शब्दांच्या जागी तोंडाला येईल ते भरताड घालायची — "बटाटे संपले संपले, नळ गळतोय कधीचा" — मला माप कळावं म्हणून. मी ते ऐकायचे, भरताड फेकून द्यायचे आणि त्या मापाचे खरे शब्द बसवायचे. दिवसा दातांचं क्लिनिक, संध्याकाळी गाणी. दोन्हीकडे पोकळ्या बुजवायच्या, असं ती म्हणायची. आगाऊ कार्टी.

नववं ती गाऊन गेलीय. स्टुडिओत, नीट, माइकसमोर. पण शब्द भरताडच. आणि भरताड तरी कसलं — माझीच टकळी! "गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, पोहोचलीस की फोन कर, फोन उचलत जा गं..." माझी नक्कल करायची खोड तिला फ्रॉक घालायची तेव्हापासूनची. आणि मग धृपदाला तिचं नेहमीचं उत्तर — "येते गं, येते, मी काही मरत नाही इतक्यात."

तिथे मी दर वेळी बंद करते. पुढे ऐकवत नाही.

ठरलंय असं की मी शब्द लिहायचे आणि दुसरी एक मुलगी ते गाणार. चाल धाकटीची, आवाज परक्याचा. वही उघडते. काही सुचत नाही. वही मिटते.

६ मार्च

क्लिनिक सुटल्यावर स्टुडिओत गेले. मौनीबाबा एकटाच होता. हे नाव धाकटीने ठेवलेलं. तिच्या सगळ्या गाण्यांचं वाद्यसंयोजन याचं, पण माणूस वर्षाकाठी चार वाक्यं बोलणार. खिडकीपाशी तिचं उंच स्टूल तसंच होतं. त्यावर कुणीतरी वायरचं भेंडोळं ठेवलेलं. उचलून खाली ठेवलं.

मौनीबाबाने खुर्ची पुढे केली. "ताई, नवव्याबद्दल जरा—"

"देते म्हटलं ना!" मी म्हटलं आणि निघाले. आता तोही तगादा लावणार.

बसस्टॉपवर आल्यावर वाईट वाटलं. तोही तिच्यासाठी रडलाच असेल की.

८ मार्च

अल्बम आला.

आणि त्यात नववं आहे! भरताडासकट!

मला कंपाउंडरने दाखवलं. "ताई, तुमचं नाव." गीतकार म्हणून नऊही गाण्यांना माझं नाव. काउंटरवर दोन पेशंट गाल धरून उभे, आणि मी दिसेल त्या दाराने बाहेर. जिन्यात उभं राहून कंपनीच्या बाईला फोन लावला. ती म्हणते, "मौनीबाबांनी काल पाठवलं. मला वाटलं, तिने आधीच गाऊन ठेवलेलं सापडलं. किती सुंदर शब्द आहेत ताई, मी ऑफिसात रडले."

मग मौनीबाबाला लावला. काय घडलं असेल ते मला कळत होतंच. आमच्यात वाद्यं, जुळणी सगळं मनासारखं झालं की तो वर "अंतिम" असं लिहून ठेवतो. शब्द मागाहूनच येतात, त्यामुळे आम्हाला त्यात काही वाटत नाही. कंपनीने "अंतिम" पाहिलं आणि उचललं. मी त्याला वाटेल ते बोलले. इतक्या वर्षांत कुणाला बोलले नाही इतकं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "चुकलं, ताई."

बस्स, एवढंच. वाद तरी घालायचा.

९ मार्च

ऐकलं नाही. नऊपैकी एकही नाही.

१२ मार्च

सगळीकडे तेच. पेपरात पाव पान आलंय. आईसाठी कापून ठेवलं आणि मग ठेवलं याचाच राग आला.

माझ्या आठ गाण्यांबद्दल दोन ओळी. "इस्त्री केलेले शब्द" म्हणे. बरं बाबा. आणि नवव्याबद्दल दोन रकाने! गॅस म्हणजे आतली धुमस. किल्ली म्हणजे स्वातंत्र्य. अरे, किल्ली म्हणजे किल्ली! तीन वेळा हरवली तिने, तिन्ही वेळा कुलूप फोडलं, शेजारचे काका हातोडी घेऊन यायचे आणि ही जिन्यात बसून वेफर खायची. "मी काही मरत नाही इतक्यात" यात त्यांना मृत्यूची चाहूल दिसलीय. कसली चाहूल! जेवायला ये म्हटलं तरी ती हेच म्हणायची.

शेवटी लिहिलंय, "गीतकार भगिनीच्या लेखणीने इथे प्रथमच उंची गाठली आहे."

प्रथमच. चौदा वर्षं लिहितेय मी. हसू आलं आधी. मग इतकं रडू आलं की आईने रेडिओचा आवाज कमी करून विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

१४ मार्च

आज एक बाई दात काढून बाहेर आली. अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. पैसे देता देता गुणगुणतेय — "हिल्ली हेतलीफ हा..." मी पावती फाडून दिली आणि आत जाऊन पाणी प्यायले.

डॉक्टर म्हणाले, "अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला." हो म्हटलं. काय सांगणार? की तुम्ही ज्याला डोक्यावर घेतलंय ते आमच्या कामाचा केरकचरा आहे? आणि माझ्या बहिणीचं शेवटचं गाणं म्हणून तो केर जगभर वाजतोय? तिची शेवटची चाल. किती गोड चाल आहे ती. तिला नीट कपडे घालून पाठवायचं होतं मला.

१७ मार्च, रविवार

आई स्वयंपाकघरात तेच लावून बसते. संपलं की पुन्हा. डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण ते बटण मात्र बरोबर सापडतं. आज मी सरळ बंद केलं. म्हटलं, "आई, पुरे. ते खरं गाणं नाहीये. भरताड आहे ते, चाल पाठवताना घालायची तसलं."

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "असेल. पण यात ती आहे गं. बाकीच्यांत तूच आहेस."

असं कुणी बोलतं? सख्ख्या आईने? मी म्हटलं, "म्हणजे मी तिची गाणी बिघडवली?" आई म्हणाली, "तसं कुठे म्हटलं मी. लाव ते परत." नाही लावलं. आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि बसले. मला हेवा वाटतोय. लिहून टाकते एकदा. मेलेल्या बहिणीच्या टिंगलीचा मला हेवा वाटतोय. लाज वाटते आणि तरी वाटतोच.

 

२० मार्च

झाले! शब्द झाले!

क्लिनिकच्या मधल्या सुट्टीत, डब्याशेजारी, सरसर लिहीत गेले. नदी नाही, चंद्र नाही, डोळ्यांत पाणी आणणारं काही नाही. साधे, तिच्या मापाचे. तीनदा वाचले. कुठे खटकत नाही. कंपनीच्या बाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान आहेत, ताई. पण लोकांना ते जुनंच..." म्हटलं, ते जुनं नाही, अर्धवट आहे. माझं नाव आहे त्यावर, मी सांगते. अर्धवट काम मी तिच्या नावावर ठेवणार नाही.

शेवटी तयार झाली. मंगळवारी नव्या मुलीचं डबिंग. मग ते काढून हे चढवणार.

आनंद व्हायला हवा होता. झाला पण, थोडा. मग वाटलं, हे झालं की तिचं-माझं काम संपलं. पुढची चाल येणार नाही. म्हणूनच अडलं होतं का माझं इतके महिने? कुणास ठाऊक. आता मागे फिरायचं नाही.

२३ मार्च

गाणं बदलणार हे कळल्यापासून आई बोलत नाहीये. औषध दिलं की घेते, पण बोलत नाही.

मौनीबाबाचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. रदबदली करणार, दुसरं काय. आज क्लिनिकवरही आला होता म्हणे, मी बँकेत गेले होते तेव्हा. कंपाउंडर म्हणाला, बराच वेळ बाकावर बसला आणि गेला. डॉक्टरांना वाटलं पेशंट आहे.

२५ मार्च

उद्या.

शब्द स्वच्छ लिहून काढले. एक ओळ बदलली, परत पहिल्यासारखी केली.

२६ मार्च

डबिंग झालं नाही.

नवी मुलगी आत हेडफोन लावून उभी होती. मौनीबाबाने तिला बाहेर थांबायला सांगितलं, दार लावलं आणि माझ्याशी बोलला. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

"ताई, ते भरताड नव्हतं. महिनाभर घासत होती ती ते शब्द. एकेका ओळीसाठी चारचारदा गायली. मी विचारलं, ताई शब्द कधी देणार? तर म्हणाली, झालेत शब्द. ताईवरचं गाणं ताईनं कसं लिहायचं? मीच सांगते तिला, रविवारी घरी जातेय. म्हणून मी थांबलो होतो. मग ती गेली. तुम्ही शब्द देते, देते म्हणत राहिलात, आणि मला तोंड उघडता आलं नाही. पाठवलं ते चुकून नाही पाठवलं."

त्या रविवारी ती आली होती. दोनदा म्हणाली, तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, आधी जेव. मग आईच्या गोळ्या निघाल्या, मग भांडी, मग तिचा फोन वाजला आणि ती गेली.

मी मौनीबाबाला विचारलं, "आणि आधीच्या चालींत भरताड असायचं ते? तेही खरे शब्द?"

तो खाली वाकून वायर गुंडाळू लागला. म्हणाला, "काही काही."