काचपट्टीवरचा अंगददादा

अंबाजोगाई

प्रिय अंगददादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. एका अर्थी बरंच झालं. बहीण-भावानं हे तोंडानं बोलायचं म्हणजे दोघांनी भुईकडं बघायचं आणि शेवटी शेळ्यांच्या चाऱ्यावर बोलून उठायचं. लिहिताना माझी मान तरी वर राहते.

त्या दिवशी इथं आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात वीर्यात बीजच दिसत नाही, एवढं ऐकलंस आणि तुझं तोंड उतरलं. सरांनी अंडकोशातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला काढला, टाका घातला, आणि तू चहासुद्धा न घेता शिरूरची गाडी धरलीस. लांडग्यामागं काठी घेऊन धावणारा माणूस, आणि असा भित्रा. तिकडं मायनं स्वप्नावहिनीला वांझ ठरवून नेकनूरला माहेरी धाडलंय. तुला सगळं माहीत, तरी तू गप्प. मला तुझा लई राग आलाय, पण तो पुढं.

तो तुकडा मीच सांभाळला. मेणात बसवला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचपट्टीवर घेतला, गुलाबी-जांभळा रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत नुसत्या गोल गोल नळ्या, एकीला एक खेटून. नळीच्या कडेला मोठ्या गोल पेशी असतात. त्यांच्या दोनाच्या चार होतात, लहान होत होत त्या मधल्या पोकळीकडं सरकतात आणि तिथवर पोचेतो त्यांना शेपूट फुटतं. मधेमधे उंच पेशी उभ्या, त्यांचं काम या पिल्लांना पोसायचं, तू करडं सांभाळतोस तसं. नळ्यांच्या फटींत आणखी पुंजके असतात, पुरुषाला आवाज अन् मिशा देणारे. तुझे ठणठणीत आहेत, ते मला तुझ्या मिशा बघूनच ठाऊक होतं.

हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. या वेळी मात्र देवाचं नाव घेत एकेका नळीत शेपट्या शोधत होते. आणि होत्या, दादा. नळ्या भरून होत्या. मी तिथंच रडले. सर बिचारे खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणजे बीज आत तयार होतंय, बाहेर यायची वाट बुजलीय. अंडकोशाच्या मागं एक लांबलचक गुंडाळलेली नळी असते, बीज तिच्यातून पुढं जातं. गाभडलेल्या शेळीचं मेलेलं करडू तू उघड्या हातानं ओढून काढायचास, धारेचं कच्चं दूध प्यायचास. त्यातून शेळ्यांचा रोग तुला लागला, मग तो येऊन-जाऊन ताप आला अन् खाली सूज, जी तू लाजेपायी घरात सांगितली न्हाईस आणि त्या दिवशी सरांपुढं कबूल केलीस. त्यातच ती नळी बुजली असावी, असं सर म्हणतात. यावर इलाज आहे. वाट मोकळी नाही झाली, तरी आतलं बीज सुईनं काढून मूल होऊ शकतं. हमी देत नाही, पण आशा आहे.

आता खरं कशासाठी लिहिलं ते ऐक. रतनबाई आत्या सांगत होती, रविवारी माय तुझ्यासाठी दुसरी पोरगी बघायला निघालीय. दादा, कळपात शेळ्या गाभ न राहता उलटायला, परत माजावर यायला लागल्या, की आपल्यात कुणी शेळ्या विकत नाही, आधी बोकड बदलतात. मला हे तूच शिकवलंस. मग वहिनीच्या वेळी कसं विसरलास? मी तिला काही कळवलेलं नाही, ते तुझ्या तोंडून ऐकायचा तिचा हक्क हाय. रविवारच्या आत मायला सांग, नेकनूरला जा, वहिनी चिडली तर खाली मान घालून ऐकून घे, आणि तिला घेऊन थेट माझ्याकडं ये. एसटीत तिला खिडकीची जागा दे, तिला गाडी लागते.

तुझीच,
धनू