काकांनी मागितलेली गोष्ट

३ फेब्रुवारी
आज आणखी एक जण नोकरी सोडून गेली. सहा महिन्यांतली पाचवी! आमच्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायला शिकायचं आणि हात बसला की पलीकडच्या लॅबमध्ये — चाललंय काय? मालक म्हणाले, "सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं वाटू." गेल्या वर्षीही घड्याळंच वाटली होती! मी स्पष्ट सांगितलं — एकेकाला विचारू, काय हवं ते. माणसं सांभाळणं माझं काम आहे, मला करू द्या.

५ फेब्रुवारी
विचारलं. मेणाचं काम करणारीला तीनला सुटायचंय, मुलीला शाळेतून आणायला. सकाळी लवकर येईन म्हणाली. दिलं! पॉलिशवाल्याला खिडकीजवळचं टेबल. दिलं! इतकं सोपं होतं की हो हे.

आमचे सगळ्यात जुने कारागीर, काका, मात्र म्हणतात, "मला काय, काही नको." पलीकडून त्यांना दोनदा बोलावणं आलंय, मला ठाऊक आहे. ते गेले तर लॅबचा कणाच गेला.

६ फेब्रुवारी
काका जेवणाच्या सुट्टीत आपणहून आले. "मॅडम, बायकोची कवळी इथे करू द्याल? माझ्या हातानं?"

दात गेल्यापासून तीन वर्षं ती कुणासमोर जेवत नाही. काकांकडेही पाठ करून बसते. आणि या माणसाने हजारोंचे दात केले!

मालक उखडले. "घरचं काम लॅबमध्ये? उद्या सगळे सासू-सासऱ्यांना रांगेत उभं करतील!"

"करू देत," मी म्हटलं, "हात तरी इथेच राहतील."

मालक हसले. म्हणजे झालं!

१९ फेब्रुवारी
काकांनी खालची कवळी तिसऱ्यांदा मोडून नव्याने करायला घेतली. कुणी घाई केली नाही.

३ मार्च
डॉक्टरांकडून कवळी बसवून काकू थेट लॅबमध्ये. सगळ्यांसमोर बिस्किट खाल्लं — कुर्रम! टाळ्याच पडल्या. काका उगाच ब्रश पुसत बसले. महिना झाला, एकही राजीनामा नाही. मी म्हटलं नव्हतं?

१० मार्च
काकांचा राजीनामा.

पलीकडे जाताय का — विचारलंच मी.

"छे हो! दुपारी घरी जेवायचंय आता. ती समोर बसते."

सही केली. वाईट वाटायला हवं होतं — वाटेना!