रेडिओसाठी टॉर्चचे सेल

शोभा,

आपल्या लेकीचं, लीनाचं गाणं संध्याकाळी रेडिओवर लागेल तेव्हा आपला रेडिओ चालू असेल, काळजी करू नकोस. आमच्या सुमंतनं सोनईहून आणलेली बॅटरी दुसऱ्या कंपनीची निघाली, त्यात त्याचा काय दोष, की तू सकाळी त्याला एवढं बोललीस? एकीची बॅटरी दुसरीच्या रेडिओत बसूच नये, अशी मापं ठेवतात या कंपन्या. शिकवणीच्या पोरांना मी तेच समजावलं. मग त्यांनीच दोन्ही टॉर्चचे सेल कागदाच्या नळीत ओळीनं घालून तारा जोडल्या. नळी हलवू नकोस. अंधारात मागच्या दारी जाताना कंदील घे. मी पोरांना घरी सोडून येतो.

शेवटची तार सुमंतनं जोडली. तुला सांगू नका म्हणाला, म्हणून लिहून ठेवतोय. तो सकाळपासून जेवलेला नाही.

— मामंजी